खाली

निवडणूक लागली की बंदुका जंगलातून बाहेर पडतात.
जांबोटी, कणकुंबी, आमगाव.
गोणपाटात, घोंगडीत, एक तर लग्नातल्या शालूत गुंडाळलेली,
खानापूरच्या ठाण्यात येऊन भिंतीला टेकतात,
सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांसारख्या.
मी टेबलाशी. नाव, लायसन नंबर, नळी एक का दोन.
कुंद्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून लेबलं केलेली,
प्रत्येक चापाला एक बांधायचं.
दुपारपर्यंत बोटांना तेलाचा आणि खव्याचा वास.

रवळू घाडी आला तीनच्या बसनं.
ठासणीची बंदूक, डुकरांसाठी.
आज्याची, मग बापाची, मग याची.

मोजून घ्यायला बसवंत होता,
हावेरीकडचा, नवा, मराठी सहा महिन्यांची.
डब्यात काही उरलंय का विचारावं
तितक्या सहज त्यानं विचारलं,
"खाली ऐतेनु?"

कन्नडात खाली म्हणजे रिकामी.
बसवंतला ठाऊक. मला ठाऊक.
रवळूला ठाऊक एवढंच,
की पोलीस खाली म्हणाला तर खाली करायची.
त्यानं केली.
घोडा टेबलाच्या कडेला अडकला,
उचलला,
सुटला.

कुणी ओरडलं नाही.
पंखा फिरत राहिला, लेबलं उडाली,
धूर दिवाळीचा असावा तसा छताशी गेला.
शहाबादी फरशीत भोक.
बसवंतच्या बुटापासून चार बोटं, मी नंतर मोजली.
"रिकामीच व्हती की," रवळू म्हणाला,
बंदुकीकडं बघून, तिनंच फसवल्यासारखं.

मला दोन्ही भाषा येतात.
मी पेनाचं टोपण दातात धरून
लेबलावर त्याचं आडनाव लिहीत होते.

परवा बेळगावहून आर्मरर आला, मल्लेशी हुद्दार.
चाळीस बंदूकवाले, अकरा आम्ही, जांभळाखाली उभे.
"आधी पोलीस," तो म्हणाला, आणि आमचा फौजदार हसला,
मग हसायचा थांबला.
हुद्दारनं नळीत गज सोडला, तोंडाशी नखानं खूण केली,
बाहेर काढून नळीला लावून धरला.
"बुडाला पोचला, तर रिकामी.
चार बोटं कमी पडला, तर आत कोणतरी झोपलंय.
बंदुकीला विचारू नका. मालकाला तर मुळीच नको.
गजाला विचारा."
आणि म्हणे खाली हा शब्द दोनदा म्हणायचा,
एकदा त्यांचा, एकदा आपला.
पोट खाली. तोंड खाली.
सगळ्यांनी म्हटलं. शाळेतल्यासारखं. काहीजण लाजले.

मी म्हणताना मला आमचं मैदान दिसत होतं.
वर्षातून एकदा, डोंगराच्या पायथ्याशी, दहा गोळ्या.
चौथ्या वर्षी मागून कुणीतरी माझं नाव हाकारलं
आणि मी वळले,
रायफलीसकट.
रांगच्या रांग मातीत पालथी.
कुणी काही लिहून ठेवलं नाही.
संध्याकाळी कागद आला, त्यावर शेरा: समाधानकारक.
तो अजून माझ्या फाइलीत आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

जबाब मीच घेतला रवळूचा.
कधी भरली होतीस?
"भात पोटरीला आल्तं तवा. डुकरं आलीच न्हाईत मग."
म्हणजे भादवा. आता चैत्र सरत आला.
घरात कुठं असते?
"दाराआड. नातवंडं हात न्हाई लावत." थांबला.
"लावत्यात कधी. घोडा घोडा खेळत्यात."
बसमधनं कशी आणलीस?
"मांडीवर. आडवी."
तोंड कुणीकडं?
"खिडकीकडं."
खिडकीशी कोण होतं?

तो बराच वेळ फरशीकडं बघत बसला.
"शाळेची पोर व्हती एक. झोपल्याली.
वळणावर डोकं यायचं तिचं, नळीवर.
मी म्हटलं, असूंदे, झोपूंदे."

कुठं उतरली?

"ध्यान न्हाई, बाई."

मी ते लिहिलं. खाली त्याचा अंगठा घेतला.