पाठीमागचा दिवा

अंगठा कापला तेव्हा मी म्हटलं, सुरी बोथट आहे.
रेइनो म्हणाला, सुरीचा काय दोष, हेल्मी,
दिवा तुझ्या पाठीमागे आहे.

एकेचाळीस वर्षं
छतातल्या त्या एका गोल दिव्याखाली मी कांदे चिरले,
सलगम सोलले, पोराच्या डब्यासाठी पाव कापला,
आणि एकेचाळीस वर्षं
माझीच सावली माझ्या हातांवर ओणवी.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा:
मीच आणायचे तो, खांद्यावरून,
रोज, स्वयंपाकाच्या वेळेला.

डुलूथमध्ये नोव्हेंबरात साडेचारला दिवस मिटतो.
आधी सरोवर काळं होतं, मग टेकडी,
मग आमच्या सिंकवरची खिडकी.

इलेक्ट्रिशियनने फोनवर आकडा सांगितला.
रेइनोने रिसीव्हर असा खाली ठेवला
जसा काही भाजला होता.
मग हार्डवेअरच्या दुकानातून, सवलतीच्या खोक्यातून
एक गुंडाळी घेऊन आला: सोळा फूट, एकोणीस डॉलर,
पाठीला चिकटपट्टी, टोकाला प्लग.
"भिंत फोडायला नको, काही नको.
फ्रिजमागचं सॉकेट रिकामंच आहे."

पहिल्याच रात्री सगळं सुटलं.
पहाटे पाणी प्यायला उठले तर
पट्टी टोस्टरवर डोकं टेकून लोंबकळत होती.

कपाटांची खालची बाजू कोण बघतं?
दर शनिवारी ओटा घासणारी मी,
मीही कधी बघितली नाही.
एवढ्या वर्षांच्या तळणाची वाफ तिथे
जुन्या मधासारखी थिजलेली.
रेइनो ओट्यावर उताणा झोपला,
चौऱ्याहत्तर वर्षांचा, पाय सिंकमध्ये,
खनिजाच्या धक्क्यावर वाघिणींखाली झोपायचा तसा.
हातात स्पिरिट नि चिंधी, तोंडात फिनिश शिव्या.
(आईकडून भाषा नाही आली, तेवढ्या आल्या.)

मग एकदम गप्प.
"काय झालं?"
"च्युइंगम."
तीन गोळे, दगड झालेले, एका ओळीत,
जिथे आर्नी शाळेची बस येईस्तोवर उभा राहायचा
आणि विचारलं की म्हणायचा, गिळलं.
एकावर दातांचा ठसा अजून होता म्हणे.
आर्नी आता टक्सनला असतो. नाताळला फोन करतो.
रेइनोने पटाशी मागितली, मी दिली.
टप्. थोड्या वेळाने, टप्.
तिसरा आवाज मी ऐकला नाही,
आणि विचारलंही नाही.

आधी त्याने पट्टी मागे लावली, भिंतीलगत.
टाइल्स अशा झगमगल्या, जसं त्यांनाच चिरायचं होतं;
माझे हात होते तिथेच, अंधारात.
मग सगळी उपटून पुढच्या काठाला,
लाकडाच्या ओठाआड, दर वितीला एक क्लिप.
कोपऱ्यावरची जोडणी तिसऱ्या खेपेला बसली.

आणि लागली.

उजेड थेट बोटांवर उतरला.
सगळंच दिसलं मग:
लाकडी पाटावरच्या सुरीच्या रेघा,
कॉफीच्या कपांची कड्यात कडी,
भिंतीच्या फटीत साखर,
अंगठ्याचे चार टाके.
"इतकं मळकं होतं इथे?"
"मघापर्यंत नव्हतं," तो म्हणाला,
आणि हत्यारं गोळा करू लागला.

मी फडकं घेतलं. पुसलं. परत पुसलं.
बाहेर पुलाचा भोंगा वाजला,
हंगामातली शेवटची बोट असेल किंवा शेवटून दुसरी.
सलगम घेतला. काप असे पातळ पडले
की त्यांतून पाटाचा रंग दिसत होता.
उगीच दोन जास्तीचे कापले.

छतातला दिवा मालवला, आता कशाला तो.
ओट्यावर सावली शोधली, नव्हती.
"हेल्मी," मागून टेबलाशी रेइनो,
चष्मा कपाळावर, पेपर तिरका धरून,
"जरा बाजूला हो बघू.
मला काही दिसत नाहीये."