सोमवारी रुजू होणाऱ्या तेविताला

सातला ये. साडेसहाला आलास तर चहा मिळेल.
दूध तुझं तू आण. फ्रीजमधलं ग्रेगरचं आहे
आणि ग्रेगर मिलिमीटरसुद्धा सोडत नाही.

पदवीदानाचा फोटो पाहिला:
गळ्यात चॉकलेटच्या माळा कानापर्यंत,
मागे तुझ्या टोंगन मावश्यांची अख्खी फौज.
इथली टोपी नारिंगी. पावसात गळते.

पहिलं वर्ष खुंट्या ठोकण्यात जाईल.
मग जुन्या शोधायला लागशील,
आणि काम खरं तेव्हा सुरू होतं.
उपग्रह म्हणेल, इथे.
तू गुडघे टेक, काटेरी गॉर्स बाजूला सार,
बोटांनी माती उकर.
टोटाराचा खुंट शंभर वर्षं टिकतो.
नाही टिकला, तर त्याच्या जागी
चार बोटं रुंद, काळा, चौकोनी डाग उरतो मातीत.
फावडं घाईनं मारलंस
तर पुरावा तूच पुसलास.

मी बावीसची होते. वहीत लिहिलं
प्रिझमच्या काठीची उंची दीड मीटर.
काठी होती एक पॉइंट आठ.
एका गोठ्याचं सांडपाणी त्या आकड्यावर विसंबून
उलटं फिरलं, गाईंच्या खुरांपाशी आलं.
शेतकरी ओरडला नाही.
त्यानं गमबूट दिले, माझ्या मापाचे नव्हते.
कॅलम, माझे साहेब, गाडीत सँडविच खात बसले.
संध्याकाळी म्हणाले, उद्यापासून काठी दोनदा वाच.
अजून वाचते. घरी औषधाची बाटलीही.

ऑकलंडहून फोन येतील. ड्रोन, बोट, दुप्पट पगार.
जा हवं तर. पण परवान्याची परीक्षा आधी दे,
नाहीतर तुझ्या मोजणीखाली
आयुष्यभर दुसऱ्याची सही.

हद्दीच्या दोन्ही बाजूंनी चहा येईल.
दोन्हीकडचा पी. बिस्किटं दोन्हीकडची खा.
मत एकाही कपात सांडू नकोस.

विंटनजवळ दोन बहिणी, डॅलझील,
एकोणीस वर्षं एकमेकींशी अबोला.
आम्हाला खुंट सापडला: कुंपण दोन मीटर
धाकटीच्या जमिनीत.
मी नकाशा बॉनेटवर पसरला, घसा खाकरला.
थोरली म्हणाली, हलवा खुशाल,
फक्त त्या झाडाखाली खणू नका. कुत्रा पुरलाय.
धाकटीनं विचारलं, कुठला? फर्न?
कधी गेली?

मी नकाशा गुंडाळला.
कुंपण अजून तिथेच आहे. कागदोपत्री चूक.
फाइल माझ्या टेबलावर, तुलाही दिसेल.
मला विचारू नकोस.

मुलाखतीत तू विचारलंस,
यंत्रं हे सगळं कधी करू लागतील?
मी खोकून वेळ मारून नेली.
खरं सांगायचं तर ठाऊक नाही.
हे बेटही दर वर्षी दोन-तीन बोटं सरकतं,
आपण आकडे दुरुस्त करतो, जेवायला बसतो.

मोज्यांचे दोन जोड आण.
आणि फॉर्मवर ‘अपघात झाल्यास कुणाला कळवावे’
ही ओळ कोरी सोडलीस.
एवढ्या मावश्या असून.

मोरॅग