गवसणी

आकाशाला गवसणी घालायला निघतात माणसं.
मला सीटला घालता येईना,
एकसष्ट सालच्या हिलमनच्या,
तीही एकट्या ड्रायव्हरच्या.

कॉव्हेन्ट्री. मार्चमधला शनिवार.
गॅरेजात वडिलांचा रॉकेलचा हीटर, वडिलांचेच पाने,
आणि खोक्यातून आलेलं लाल विनाइलचं कव्हर,
घडीवर घडी, थंडीनं पापडासारखं ताठ.
सोबतच्या कागदावर लिहिलं होतं :
तासभर उन्हात ठेवा, मऊ पडेल.
कागद लिहिणारा इकडचा नसावा.

उजवा कोपरा चढवला की डावा सुटे.
डावा धरला की पाठचा हसे.
तिसऱ्या तासाला शेजारच्या मिसेस टूमी दारात,
अंगात कार्डिगन, पायात सपाता :
"भिंतीपलीकडून तुझ्या शिव्या ऐकतेय.
दोन तर मला नवीन होत्या.
सरक."

मला एवढंच माहीत होतं
की त्या कारखान्यात होत्या कधीकाळी.
काय करत, हे कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही, एकोणीस वर्षं भिंतीला भिंत लावून.
अकरा वर्षं सीटा शिवल्या, म्हणाल्या,
दिवसाला किती, ते सांगून तुला खरं वाटणार नाही.

मग रबराच्या दोन पिशव्या, गरम पाण्याच्या,
कव्हरच्या पोटात सारल्या,
बाळंतिणीला शेकावं तसं शेकलं त्याला.
जुनं सोलून काढायला मला बसवलं.
कड्या, एकेक. डुकराच्या नाकात घालतात तसल्याच,
गंजलेल्या, तारेला चावून बसलेल्या.
चौतीस मोजल्या, मग मोजणं सोडलं.
आत कापूस, घोड्याचे केस, एक बोथट पेन्सिल,
टॉफीचा कागद,
आणि स्प्रिंगांवरच्या गोणपाटावर
निळ्या खडूनं दोन अक्षरं.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
तुमची? मी विचारलं.
"छे! विनीची. विनिफ्रेड थॉर्नबरो.
सुई गेली होती तिच्या अंगठ्यातून,
तेव्हापासून तिची शिवण डावीकडे ओढायची.
मुकादमाला कधी दिसलं नाही.
आम्हाला दिसायचं."

गोणपाटावर हात तसाच राहिला त्यांचा.
मला आठवले वडील,
गाडीत जरासे डावीकडे कलून बसलेले,
ब्लॅकपूलला जाताना, दवाखान्यात जाताना.
आई म्हणायची, पाठ दाखवून घ्या.
दाखवलीही होती. एक्स-रे अजून कपाटात आहे.

मी हे बोललो तर त्या इतक्या हसल्या
की डोळे पुसायला बाही लागली.
आणि मग नुसत्याच बाहीनं डोळे पुसत राहिल्या
थोडा वेळ.

नव्या गादीवर आधी प्लास्टिकची पिशवी,
पातळ, धोब्याकडून येते तसली,
म्हणजे कव्हर अडत नाही, घसरतं.
मधून कडेला, मधून कडेला,
कणीक मळावी तसे तळहात.
ऐंशी वर्षांचे अंगठे, सांधे सुजलेले,
शिवणीच्या पोटात शिरून कोपरा शोधत होते
आणि कोपरा सापडत होता.
मी फक्त पक्कड दाबत होतो, सांगतील तिथं.
"ओढू नकोस. लाव. ओढून काही येत नाही."

एक सुरकुती राहिलीच, पाठीच्या खालच्या बाजूला.
मी पुन्हा सोडवायला घेतली तर हातावर चापट.
"राहू दे. बसून बसून बसेल."

सीट अजून गाडीत नव्हती,
सिमेंटवर होती, चार बोल्टांची वाट बघत.
मिसेस टूमी तिच्यावरच टेकल्या, चहाचा मग घेऊन,
समोर स्टिअरिंग नाही, काच नाही,
गॅरेजचं बंद शटर फक्त.
गोणपाटाचा तो तुकडा त्यांनी मागितला नाही,
मी दिलाही नाही;
कार्डिगनच्या खिशातून त्याचे दोन दोरे लोंबत होते.

"कुठं जायचं?" मी विचारलं.
"चहा पिऊ दे," त्या म्हणाल्या.