वढ, रव

निवती बंदरात, बाबलकाकाच्या खोपीत,
रापणीच्या जुन्या जाळ्यावर
मांजर व्याली. चार पिल्लं,
डोळे शिवल्यासारखे बंद.
मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून रजेवर आलेली,
दिवस मोजायची सवय सुटत नाही.
कॅलेंडरवर, भरतीच्या वेळेशेजारी,
पेन्सिलीने लिहिलं : एक.

काकाला सांगितलं,
आत आत्ता काळोख आहे, पण स्वस्थ नाही.
पडद्यावरची एखादी पेशी उगाचच जागी होते,
अ‍ॅसिटिलकोलीनचा कण शेजारणीला देते,
ती तिच्या शेजारणीला,
आणि न पाहिलेलं काहीतरी
या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत जातं.
मग मिनिटभर सामसूम.
मग पुन्हा, दुसऱ्याच कोपऱ्यातून.
उजेड नाही, चित्र नाही,
कोण कोणाच्या शेजारी आहे
एवढंच मेंदूला कळवायचं.

काका जाळं सांधत होता.
"म्हंजे रापणच. काळोखात फुडचो दिसणा नाय,
पण दोरीक हिसको कळता."

मग गाबाचंही सांगितलं :
आज जो "वढ" म्हणून ओरडतो
तोच थोड्या दिवसांनी, त्याच तोंडाने,
"रव" म्हणेल.
रसायन तेच राहतं,
ऐकणाऱ्या पेशीतलं मीठ बदलतं.
मीठ म्हटल्यावर काकाने पहिल्यांदा वर पाहिलं.

सहाव्या सकाळी कबरं पिल्लू थंड.
सुरूखाली खड्डा केला,
कोरडी वाळू परत परत आत ढासळत होती.
हात धुताना काकाने विचारलं,
"तेना काय बघल्यान?"
काही नाही, म्हणणार होते.
पण सहा दिवस त्या पापण्यांआड
दोऱ्या ओढल्या गेल्या होत्या, गाठी बसल्या होत्या,
शेजारी शेजाऱ्याला ओळखू लागला होता
कुठल्या तरी पाहण्यासाठी.
मी साबण मागितला.

सात. आठ.
एव्हाना अ‍ॅसिटिलकोलीनच्या हातून
ग्लुटामेटने दोरी घेतली असेल.
बांगड्याच्या पाट्या मोजता मोजता
असली पाळी कोणाच्या लक्षात येते?

दहाव्या दिवशी एकीचा डावा डोळा
वाफवलेल्या तिसरीसारखा किलकिला झाला.
गढूळ, निळसर.
समोर होता निळा क्रेट
आणि काकाचा अंगठा, खवल्यांनी माखलेला.
तिने तोंड फिरवलं, दुधाकडे गेली.

रात्री दीपस्तंभाचा झोत
झावळांच्या फटीतून आत आला, गेला.
तो एक डोळा दचकून मिटला.
उरलेले पाच
अजून आपल्याच रापणीवर होते.