बैलाचं डोकं

ओरिएता आली ती बोटीत उलट्या करतच.
वाळवंटातल्या शहराची बाई,
जिथे छत्री विकणारं दुकानच नाही,
आणि इथे चिलोएच्या या बेटावर
शाळा एक, खोल्या दोन, पोरं अकरा,
आणि मी : गणित, भूगोल, शेगडीत लाकूड सारणं, सगळंच.

तिच्या पिशवीत देवमाशाचं चित्र होतं, चौकोन आखलेलं.
"असा करू," म्हणाली, "समुद्रानं टाकलेल्या कचऱ्यातून."
पोरं गप्प.
येरेमीनं बाहीला नाक पुसलं.
"देवमासा काय कामाचा?
बैल करू.
आमच्या आजीचं घर बैलांनी ओढत नेलं होतं
टेकडीवरून खाडीपर्यंत,
आत भांडी तशीच, भिंतीवरचं घड्याळ चालू."
पोरगा फेकतोय, असं वाटून तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली. मागचा दोर मीच धरला होता.
तिनं चित्र पालथं केलं
आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं : बैल.

तीन दिवस शाळा भरली ओहोटीच्या वेळेवर.
थर्माकोलचे ठोकळे, मत्स्यखाद्याची पोती,
एकेकटे गमबूट
(सगळे डाव्या पायाचे, का कोण जाणे),
आणि एक नारिंगी बोया, कलिंगडाएवढा,
त्यावर पुसटसा सात.
"हे डोकं!" सगळी एकदम ओरडली.
असं एकमत त्या वर्गात मी कधी ऐकलं नव्हतं.

नायादेतनं काहीच बनवलं नाही.
पायरीवर बसून ती गुंता सोडवत राहिली,
सालमनच्या पिंजऱ्यांचा दोर, मनगटाएवढा, शेवाळलेला,
एकेक गाठ नखांनी, मग दातांनी.
तिसऱ्या दिवशी थांबली.
"ही नाही सोडणार."
"का गं?"
"पप्पांची आहे."

पाणबुड्या होता तो. गेल्या ऑगस्टात
पिंजऱ्याखाली उतरला,
वर नुसती नळी आली.
गाठीवर नाव नसतं.
पण ती उलटी होती, दोनदा पिळलेली, डावखुऱ्या हाताची,
आणि आम्ही कुणी पुरावा मागितला नाही.
तो दोर बैलाचा कणा झाला.
गाठ आली मानेपाशी.

रविवारी गाव जमलं, बटाट्याच्या भाकऱ्या घेऊन.
"एकच बैल? एकट्यानं घर हलत नाही."
"सामान एवढंच होतं," पोरं म्हणाली.
शेवटी आला म्हातारा बेलार्मिनो.
चष्मा काढला, पुसला, लावला.
"हा बोया माझा. सात नंबर माझ्या होडीचा."
"समुद्रात सापडला," येरेमी म्हणाला, "ज्याला सापडला त्याचा."
"समुद्र काय तुमच्या बापाचा?"
बोलून गेला,
आणि त्यानंच जीभ चावली.
नायादेत भाकरी खात होती. खातच राहिली.

चाकूनं त्यानं डोकं सोडवलं.
मग दोराकडे वळला, चांगला वीस वाव दोर,
चाचपत चाचपत हात मानेपाशी आला
आणि थांबला.
चाकू मिटला.
"कुजलाय," म्हणाला. धडधडीत खोटं.
बोया काखोटीला मारून चालता झाला.

सोमवारी ओरिएता गेली, नाकाशी लिंबू धरून.
तेव्हापासून बैलाला रोज नवं डोकं :
तळ गेलेलं पातेलं,
हवा गेलेला फुटबॉल,
माझी लोकरी टोपी, जी मी दोन दिवस घरभर शोधली.

आता तिचं पत्र आलंय : बैलाचा फोटो पाठवा.
कुठल्या डोक्याचा?
घंटा झाली तरी भांडण मिटेना.
अखेर नायादेतनं परसातला कोबी आणला,
बाहेरची दोन पानं उलटून कान केले,
आणि गाठीवर नीट बसवून
बाजूला उभी राहिली, फोटोत येईल न येईल अशी.

फोटो गेला दुपारच्या बोटीनं.
सकाळी पाहतो तर मेंढ्यांनी
बैलाचं तोंड खाऊन टाकलेलं,
गाठीपर्यंत.