भिंगरी

आई म्हणायची, ह्यांच्या पायाला भिंगरी आहे.
होतीच.
विजेच्या मीटरचे आकडे टिपत
त्र्यंबक सुपेकरांनी एकतीस वर्षं इंदूर चालून काढलं,
जुन्या राजमोहल्ल्यापासून परदेशीपुऱ्यापर्यंत.
जिन्याखालचे, माळ्यावरचे, म्हशीच्या पाठीमागचे मीटर
त्यांना चालीवरून ओळखत असावेत.

आधी वास गेला.
पोह्यांवर जिरावण घातलंय का, विचारू लागले.
मग दुधाचा हिशेब:
कॅलेंडरवर जानेवारीतला पाऊण लिटर चौकटभर ऐसपैस,
जूनमधला मुंगीएवढा.
आम्हाला वाटलं, काटकसर.
मग चालताना उजवा हात झुलेना,
खिशात नसून खिशात असल्यासारखा.

गीता भवनाजवळच्या तळघरात
मशीननं त्यांना आत घेतलं.
अंगठी, चष्मा, कवळी माझ्या ओंजळीत.
हलू नका हं काका, म्हणाला टेक्निशियन.
त्या एका अंगठ्याला कोण सांगणार?

डॉक्टर बोरगावकर बाईंनी आडवा छेद उघडला.
मेंदूच्या देठाशी दोन काळ्या पट्ट्या,
तिरक्या, भुवयांसारख्या.
लॅटिन नाव लांबलचक, अर्थ एवढाच: काळा पदार्थ.
पणतीवर धरलेल्या काजळाइतका.
पण त्यातल्या पेशी वर, खोल गाठींकडे
रसायनाच्या चिठ्ठ्या धाडत असतात दिवसभर:
हिला जाऊ दे, त्या दहाजणींना धरून ठेव.
एक पाऊल उचलायचं
तर बाकी सगळं रोखावं लागतं आधी.
हे मला माहीत नव्हतं.
मी तर रोज चालते.

"पट्टीच्या मागच्या टोकाला," त्या म्हणाल्या,
"एक उजळ रेघ असते. दोन्हीकडून काळं, मध्ये पांढरं.
भिंगरीच्या शेपटीसारखं.
भिंगरी म्हणजे तो पक्षी, तारेवर बसतो ना, तो."
शेजारी दुसऱ्या कुणाचं चित्र ठेवलं.
त्यात होती. दोन टोकं, मधली फट,
आत्ता उडेल अशी.
आमच्यात नुसतं काळं.

आई खुर्चीत पुढे सरकली.
तिच्या डोक्यात पक्षी नव्हता.
"गेली म्हणजे कुठं गेली?" तिनं विचारलं,
कपाटातून काही हरवावं तसं.

हळूहळू गेली, म्हणाल्या बाई.
हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून.
म्हणजे परदेशीपुऱ्यातले जिने चढत होते तेव्हाच
आत एक मीटर उलटा फिरत होता
आणि तो वाचायला कुणी येत नव्हतं.

आता स्वयंपाकघराच्या दाराशी पाय डिंकात.
बाहेर पायऱ्या चढतात सहज;
घरातल्या सपाट फरशीशी अडतात.
ओलांडायला काहीतरी द्या, असं फिजिओथेरपीची मुलगी सांगून गेली.
त्यांच्याच जुन्या पिशवीतली पिवळी इन्सुलेशन टेप काढून
मी पट्ट्या लावल्या, पलंगापासून ओट्यापर्यंत,
हातभर अंतरावर.

निघाले. एक पट्टी, दुसरी, तिसरी.
आई गॅस बंद करून उभी.
सातव्या पट्टीशी थांबले.
आमचा श्वास त्यांच्या टाचेत अडकला.
त्यांनी वाकून, वेळ घेऊन पाहिलं.
"ही तिरपी लावून दिली तू," म्हणाले.