आवक क्रमांक ३१८

डीनच्या खोलीची किल्ली चौदा महिने माझ्या ड्रॉवरात आहे,
स्टॅम्प पॅडच्या डब्याशेजारी.
दर सोमवारी उघडतो,
खुर्चीवरचा टॉवेल झटकतो, पुन्हा बंद करतो.

जाहिरात तीनदा दिली.
पहिल्या खेपेला कोणी फिरकलं नाही.
दुसऱ्या खेपेला एकजण, त्यांचं वय बसेना.
तिसरी मीच टाईप केली, कन्नडात आणि इंग्रजीत.
मराठीत कोणी मागितली नव्हती,
तरी रात्री बायकोला मराठीतच वाचून दाखवली.
ती म्हणाली, एवढं शिकलेलं माणूस
इकडं बेळगावात कशाला येईल ओ?

फाटकावरच्या पाटीवर कन्नडात शुश्रूषा लिहिलंय.
आम्ही घरी परिचर्या म्हणतो.
खानापूरच्या शाळेत संस्कृतला बाळेकुंद्री मास्तर होते,
ते सांगायचे, शुश्रूषा म्हणजे मुळात
ऐकायची इच्छा. सेवाबिवा नंतरची.
अर्हतेच्या तक्त्यात नऊ कलमं होती.
हे त्यात नव्हतं.

मुलाखतीला तिघं आले.
समिती पाच जणांची, कुंद्याचा डबा एक,
आणि कोपऱ्यात मी, इतिवृत्त लिहायला.
पहिले अथणीचे,
व्हिजन या एका शब्दावर वीस मिनिटं बोलले.
दुसऱ्या बाई बेंगळुरूहून विमानानं आलेल्या,
क्वार्टर्सला गिझर आहे का, विचारलं.
खोटं कशाला बोलू, जानेवारीत सांबऱ्याकडनं जे वारं येतं
त्यात मीही तेच विचारलं असतं.

तिसऱ्या फिलोमिना बारदेस्कर, लोंढ्याच्या,
वडील रेल्वेत गँगमन.
कन्नड हुबळीचं, मराठी लोंढ्याचं,
कोंकणी फक्त खोकला आल्यावर, सायबा म्हणण्यापुरती.
अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय?
होय, म्हणाल्या. आधीच्या मॅडम का गेल्या?

कोणीतरी कुंद्याचा चमचा खाली ठेवला.
वैयक्तिक कारण, अध्यक्ष म्हणाले.
मग तेच कन्नडात, मग इंग्रजीत.
तिन्ही भाषांत सारखंच तोकडं.

आवक क्रमांक ३१८. दीड पान, निळी शाई.
पुरुष मेडिकल वॉर्ड, रात्रपाळी, बेचाळीस रुग्ण,
दोन मुली, तिसऱ्या वर्षाच्या,
फी भरताना विद्यार्थिनी, हजेरीपटावर स्टाफ.
पहाटे चारला एकीला उभ्या उभ्या झोप लागली.
पडला तो हुक्केरीचा म्हातारा,
काढायची ठरली ती मुलगी.
मॅडमच्या सहीखाली आणखी एक ओळ होती:
तिला नव्हे, मला काढा.
शिक्का मी मारला.
दोघीही गेल्या.

काय बिर्जे, काय लिवालासा?
उमेदवाराचा प्रश्न, साहेब.
ते नको.
मी खोडलं. एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.

नेमणुकीचं पत्र त्यांनाच गेलं. का, ते मला कळलं नाही.
कदाचित गिझरचा खर्च वाचला.
काल उत्तर आलं, रुजू होण्याबद्दल अवाक्षर नाही:
मागील अधिष्ठातांचा राजीनामा
व त्याआधीचं पत्र असल्यास प्रत पाठवावी.
वाचून कळवते.

अध्यक्ष धारवाडला गेलेत, गुरुवारी येतील.
त्यांना विचारल्याशिवाय प्रत देऊ नये
हा नियम मीच टाईप केलाय, ठळक अक्षरात.

झेरॉक्स मशीन तापायला वेळ घेतं.
झाकणाच्या फटीतून हिरवा उजेड
दीड पानावरून एकदा गेला.
मी पुन्हा बटण दाबलं.
दुसरी प्रत त्या मुलीसाठी.
संकेश्वरात औषधाच्या दुकानात बसते म्हणे,
आपल्यासाठी कोण गेलं, तिला ठाऊकच नाही.

पत्ता शोधायला लागेल.